वायर काढा, मग डबल क्लिक करा

नवा गेम घेतला की माझी एक परीक्षा ठरलेली आहे. गेम इन्स्टॉल करायचा, पाच मिनिटं खेळायचा, मग नेटची वायर उपटायची, संगणक बंद करून परत चालू करायचा आणि गेमच्या आयकॉनवर डबल क्लिक करायचं. गेम उघडला तर पास. पासवर्ड मागणारी चौकट पुढ्यात आली तर नापास. धाकटा भाऊ याला 'ताईची अग्निपरीक्षा' म्हणतो. वायर उपटण्याआधी त्याला हाक मारली नाही तर दिवसभर बोलत नाही, कारण त्याचा ऑनलाइन सामना अर्ध्यात तुटतो.

जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले माझे गेम या परीक्षेत पास होत आलेत. सहा वर्षं तिथून खरेदी करतेय, म्हणून हा रिव्ह्यू. निःपक्षपाती वगैरे अजिबात नाही, ते आधीच सांगते.

दुकान साधं आहे. सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीनं ते २००८ साली सुरू केलं, तेव्हा नाव होतं 'गुड ओल्ड गेम्स'. जुने गेम आजच्या विंडोजवर चालतील असे नीट करून विकायचे, एवढाच धंदा. पुढे नवे गेमही आले. पैसे भरले की गेमच्या पानावर दोन वाटा दिसतात. एक म्हणजे गॅलक्सी नावाचा त्यांचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम उतरवून उघडून देणारा प्रोग्रॅम. दुसरी म्हणजे ऑफलाइन इन्स्टॉलर: एक सेटअप फाइल, आणि गेम मोठा असेल तर तिच्यासोबत चार-चार जीबीच्या '.bin' फायली. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवायचं आणि सेटअप चालवायचा. सिरीयल नंबर नाही, अ‍ॅक्टिव्हेशन नाही. गॅलक्सी नको असेल तर त्याचं तोंडही बघावं लागत नाही.

यात एवढं कौतुक काय, असं वाटेल. मलाही कौतुक वाटलं नसतं, पण एका रेसिंग गेमनं धडा शिकवला. कंपनीचं नाव घेत नाही. डिस्कवर आलेला गेम होता, खोक्यात कागदावर छापलेला कोड. डिस्क घातली तर आतून निघाला कंपनीचा लाँचर, आणि लाँचरला हवं अकाउंट. मी कॉलेजचा ई-मेल पत्ता दिला. तीन वर्षांनी संगणक बदलला, पासवर्ड आठवेना. नवा पासवर्ड घ्यायचा तर पडताळणीचा कोड जाणार कॉलेजच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता पदवीबरोबरच बंद झालेला. मदतकेंद्राला लिहिलं तर त्यांना खोक्यातल्या कागदाचा फोटो हवा. खोकं रद्दीत गेलं होतं. डिस्क अजून माझ्या कपाटात आहे. ओरखडासुद्धा नाही तिच्यावर.

ही सक्ती आली कुठून, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना माहीत आहे. स्टीम, म्हणजे व्हॉल्व्ह या गेम कंपनीचा लाँचर आणि आजचं मोठं दुकान, सप्टेंबर २००३ मध्ये सुरू झालं, मुख्यतः त्यांच्याच गेमना अपडेट पोचवायला. नोव्हेंबर २००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला आणि दुकानातून डिस्क आणलेल्यांनाही स्टीमचं अकाउंट काढून नेटवरून गेम उघडून घ्यावा लागला. पहिल्या दिवशी सर्व्हरवर एवढी झुंबड उडाली की लोक डिस्क हातात घेऊन ताटकळत बसले. तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता! आज त्याच गोष्टीला आपण 'लायब्ररी' म्हणतो आणि प्रोफाइलला सजावट करतो. मग बाकीच्या गेम कंपन्यांनीही तोच कित्ता गिरवला. ईएनं २०११ मध्ये ओरिजिन काढलं आणि बॅटलफील्ड ३ साठी ते सक्तीचं केलं. युबिसॉफ्टचं यूप्ले आलं, २०१९ मध्ये रॉकस्टारचा लाँचर आला. आता रेड डेड रिडेम्प्शन २ स्टीमवरून घेतला तरी आधी स्टीम उघडतं, ते रॉकस्टारचा लाँचर उघडतं आणि तो गेम उघडतो. घरात शिरायला तीन उंबरे, आणि प्रत्येकावर एक राखणदार.

डिस्कचा काळ सोन्याचा होता असं मात्र कुणी मला सांगू नये. २००८ चा स्पोर हा गेम आठवा. सेक्युरॉम हे नक्कल रोखणारं कुलूप लावलेला, आणि सुरुवातीला तीनच वेळा अ‍ॅक्टिव्हेट करता येईल अशी अट. ओरडा झाल्यावर ती पाच झाली. संगणकाचे भाग वरचेवर बदलणाऱ्यानं काय करायचं? त्या जाचाच्या तुलनेत स्टीम माणसात होतं, म्हणून लोकांनी ते स्वीकारलं. निव्वळ सक्तीनं कुणी वीस वर्षं टिकत नाही.

आणि खरं सांगायचं तर माझे जास्त गेम स्टीमवरच आहेत. सेव्ह आपोआप ढगात, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर जातात, वर्कशॉपमधून एका क्लिकवर मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) येतात, आणि २०१८ मध्ये प्रोटॉन आल्यापासून माझ्या लिनक्सच्या संगणकावर विंडोजचे कितीतरी गेम विनातक्रार चालतात. जीओजीनं लिनक्ससाठी गॅलक्सी काढायला हवा होता, ही मागणी जुनी आहे.

भावाचा मुद्दा वेगळाच. तो म्हणतो, "ताई, स्टीम कुणालाच डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, लाव म्हणून सांगत नाही. ते गेम बनवणारा ठरवतो." हे बरोबर आहे. स्टीमवरचे काही गेम असे आहेत की फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवला तरी स्टीमशिवाय चालतात. पण ते कळतं कधी? घेतल्यावर. पानावर डेनुवोसारख्या बाहेरच्या कुलुपाची पाटी असते, खुद्द स्टीम बंद असताना गेम उघडेल का याची नसते. मला वाद घालायचा आहे तो याच पाटीबद्दल. लाँचर वाईट आहे असं माझं म्हणणं नाहीच. दुकान आणि माल यांना एकत्र वेल्डिंग केलंय, हे दुखणं आहे.

त्या वेल्डिंगचा परिणाम मला सगळ्यात स्पष्ट दिसला तो हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३ मध्ये. १९९९ चा गेम. आम्ही भावंडं एकाच संगणकावर खुर्ची बदलून खेळायचो. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करून बसायचं असा नियम. स्टीमवर त्याची २०१५ ची एचडी आवृत्ती आहे. चित्रं घासूनपुसून चकचकीत केलेली, पण आर्मागेडन्स ब्लेड आणि शॅडो ऑफ डेथ हे दोन्ही विस्तार गायब. त्यांचा सोर्स कोडच हाती नाही असं युबिसॉफ्टनं तेव्हा सांगितलं होतं. जीओजीवर मिळतो तो जुना कम्प्लीट संच, दोन्ही विस्तारांसकट. चाहत्यांनी बनवलेला हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस हा भलामोठा मॉड याच जुन्या संचावर बसतो, एचडीवर बसत नाही. म्हणजे चकचकीत माल अपुरा आणि धुळकट माल पूर्ण. माझ्या जुन्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर तो बिनबोभाट चालतो. स्टीमनं विंडोज ७ आणि ८ चा पाठिंबा १ जानेवारी २०२४ ला थांबवला. एवढ्या जुन्या सिस्टिमला कुणी किती वर्षं सांभाळायचं हे मलाही कळतं. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या गेमला नव्या लाँचरची गरजच का पडावी?

परतीचे नियम पटकन: स्टीमवर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. जीओजीवर ३० दिवस, गेम डाउनलोड करून चालवला असला तरी. फायली माणसाच्या हातात देऊन वर महिन्याची मुदत द्यायची म्हणजे गिऱ्हाइकावर बराच भरवसा टाकणं आहे.

आता जीओजीच्या खोड्या. ऑफलाइन इन्स्टॉलर वापरला की अपडेटची जबाबदारी तुमची. नवा पॅच आलाय का हे स्वतः जाऊन बघायचं आणि फाइल उतरवायची. ढगातले सेव्ह गॅलक्सीशिवाय नाहीत. ऑनलाइन खेळायचं तर बऱ्याच गेमना गॅलक्सी लागतंच, म्हणजे 'ऐच्छिक' हा शब्द एकट्यानं खेळणाऱ्यांपुरता. मोठे नवे गेम एक तर येत नाहीत किंवा सगळीकडे शिळे झाल्यावर येतात. आणि २०२१ मध्ये त्यांनी हिटमॅन विकायला ठेवला होता, ज्यातल्या बऱ्याच गोष्टी नेटशिवाय खुलत नव्हत्या. गिऱ्हाइकांनी एका ताऱ्याचा असा पाऊस पाडला की पुढच्या महिन्यात गेम दुकानातून काढावा लागला. यात मला दुकानापेक्षा गिऱ्हाइकांचंच कौतुक जास्त वाटतं.

जीओजीनं २०१० मध्ये केलेला चावटपणाही नोंदवून ठेवते. सप्टेंबरात एके दिवशी दुकान बंद! आता आहे त्या रूपात चालू ठेवता येत नाही, असा निरोप पानावर. लोक हवालदिल. काही दिवसांनी कळलं की नव्या रूपाच्या जाहिरातीसाठी केलेलं ते नाटक होतं, आणि मालकमंडळी संन्याशांचे झगे घालून माफी मागायला आली. विनोद फसलेलाच. पण दुकान खरंच बंद पडलं तर काय होईल, याची रंगीत तालीम त्यांनी स्वतःच करून दाखवली. ज्यांनी इन्स्टॉलर उतरवून ठेवले होते त्यांना त्या दिवसांत झोप लागली असणार.

खरोखर बंद पडतं तेव्हा काय होतं, ते द क्रू या गाड्यांच्या गेमनं दाखवलं. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टनं त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्यानं गाडी फिरवायची म्हटली तरी गेम उघडेना. 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम त्यातूनच उभी राहिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कायदा झाला, आणि स्टीमच्या कार्टमध्ये पाटी लागली की तुम्ही घेताय तो गेम नव्हे, नुसता परवाना. कायद्याच्या भाषेत जीओजीवरही परवानाच मिळतो म्हणा. फरक एवढाच की तिथं परवान्याबरोबर फाइल माझ्या हार्डडिस्कवर येते, आणि ती परत घ्यायला कुणाला माझ्या घरी यावं लागेल.

हे सगळं मी मागच्या रविवारी भावाला ऐकवत होते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुझे जीओजीवर गेम किती?"

"त्रेसष्ट."

"आणि त्यातले हार्डडिस्कवर उतरवून ठेवलेस किती?"

मी मोजले. अकरा. बाकीचे बावन्न दुकानाच्याच भरवशावर, त्याच्या स्टीमच्या लायब्ररीइतकेच. तो काही बोलला नाही, नुसता हसला. ते जास्त लागलं.

तेव्हापासून रोज रात्री झोपण्याआधी एक इन्स्टॉलर उतरायला लावते. आज एकूणातला सतरावा. वायर मी काढू नये म्हणून हल्ली तोच येऊन बघून जातो.