बार्तोलो मास्कारेल्लो बारोलो २००८ : एक घाईत फोडलेली, एक थांबून

२०१३ साली नोकरीसाठी इटलीत तुरिनला आले आणि पहिल्या बोनसमधून या वाइनच्या तीन बाटल्या घेतल्या. बारोलो ही इथली लाल वाइन, बार्तोलो मास्कारेल्लो हे ती करणारं घराणं आणि २००८ हे द्राक्षांच्या काढणीचं साल. एक त्याच डिसेंबरात फोडली आणि पस्तावले. रंग इतका फिका, की ग्लासातून पलीकडची मेणबत्ती दिसावी. घोट घेतला तर हिरडा चघळल्यागत जीभ, गाल, सगळं आवळून आलं. वास छान होता, पण तोंडात निव्वळ तुरटपणा. ‘एवढे पैसे याला?’ असं मनात आलंच. उरलेल्या दोन मी इमारतीच्या तळघरात नेऊन ठेवल्या. इथं प्रत्येक फ्लॅटला खाली एक कोठडी मिळते. माझ्या कोठडीत एक मोडकी सायकल, रिकाम्या सुटकेसेस आणि या दोन बाटल्या.

दुसरी फोडली २०२४ च्या डिसेंबरात. माझ्या स्वस्तातल्या ओपनरनं बूच अर्धं तोडलं, मग चहाच्या गाळणीतून वाइन जगमध्ये गाळून घेतली. तळाशी गाळ जमला होता, त्यामुळे गाळणं तसंही पथ्यावरच पडलं. ग्लासाच्या कडेला आता विटेचा रंग उतरला होता. सुरुवातीला वास बंदच. तासाभरानं सुकलेल्या गुलाबपाकळ्या आल्या, मग संत्र्याची वाळलेली साल, ज्येष्ठमध, आणि शेवटी डांबर. हो, डांबर! बारोलोबद्दल जुने लोक गुलाब आणि डांबर असंच सांगतात. मला ते शब्दांचे खेळ वाटायचे, पण त्या रात्री उन्हाळ्यातल्या नव्या सडकेचा वास खरंच आला. तुरटपणा गेलेला नाही, फक्त आता तो जिभेवर चढून बसत नाही. घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते.

तुरिनहून गाडीनं तास-सव्वा तासावर लांगेच्या टेकड्या आहेत, तिथल्या बारोलो गावातलं हे घराणं. जुलियो मास्कारेल्लो पहिल्या महायुद्धातून परतले आणि १९१८ मध्ये त्यांनी स्वतःची वाइन करायला घेतली. मग मुलगा बार्तोलो, आणि २००५ मध्ये ते गेल्यापासून त्यांची मुलगी मारिया तेरेझा. जमीन जेमतेम पाच हेक्टर. त्यातले बारोलोचे तुकडे चार ठिकाणी : कान्नुबी, सान लोरेन्झो आणि रुए हे बारोलो गावात, रोक्के शेजारच्या ला मोर्रात. आज कान्नुबीचं नाव लेबलावर एकटं छापलं की बाटलीचा भाव चढतो. हे लोक मात्र चारही ठिकाणची द्राक्षं एकत्र करून एकच बारोलो काढतात, जुन्या रिवाजाप्रमाणे.

मी निफाडकडची, घरी द्राक्षबाग. तिकडे धुकं पडलं की डावणी रोगाच्या धास्तीनं आप्पांची झोप उडते. इथं बारोलो ज्याची करतात त्या नेब्बिओलो द्राक्षाचं नावच धुक्यावरून आलं असं सांगतात, कारण काढणी होते ऑक्टोबरात, टेकड्या धुक्यात बुडालेल्या असताना. बारोलोच्या नियमानुसार हेक्टरी आठ टनांच्या वर द्राक्षं घेता येत नाहीत, हे मी फोनवर सांगितलं. आप्पांनी मनात हिशेब केला. “म्हणजे एकरी सव्वातीन टन? मग खातात काय ती माणसं?” बाटलीची किंमत मी त्यांना अजून सांगितलेली नाही.

वाइन करायची पद्धतही जुनीच. रस सालींसकट सिमेंटच्या टाक्यांत महिना-दीड महिना, मग स्लाव्होनियन ओकच्या अवाढव्य पिंपांत दोन-अडीच वर्षं. १९८०-९० च्या दशकांत या भागात मोठं भांडण झालं. नव्या पोरांनी २२५ लिटरची छोटी फ्रेंच पिंपं आणली, त्यांना फ्रेंचमध्ये ‘बारीक’ (barrique) म्हणतात. त्यांतून वाइन लवकर मऊ होते, व्हॅनिलाचा गंध येतो आणि ती अमेरिकेत खपते. त्या नव्यांपैकी एलिओ आल्तारे यांनी तर वडिलांची जुनी पिंपं करवतीनं कापली. बार्तोलो दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढलेला माणूस, म्हातारपणी व्हीलचेअरवर बसून हातानं लेबलं रंगवायचा. १९९९ च्या बारोलोवर त्यांनी लिहिलं : ‘नो बारीक, नो बर्लुस्कोनी’, म्हणजे ना ही छोटी पिंपं, ना इटलीचा बडा पुढारी बर्लुस्कोनी. वाइनच्या बाटलीवर राजकारण नको म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मला तर ते लेबल विकत मिळालं तर हवंय, रिकाम्या बाटलीसकट.

जेवणाचं सांगायचं तर माझी चूक ऐका. हौसेनं काळ्या मसाल्याचं मटण केलं होतं. पहिल्या दोन घासांतच वाइन हरवली. तिखटानं तुरटपणा उलट अंगावर आला आणि गुलाबबिलाब कुठल्या कुठे गेले. मटण बाजूला ठेवलं, अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया, ज्यांना इथं तायारिन म्हणतात, नुसत्या लोण्यात परतल्या आणि सोबत कास्तेलमान्यो चीज घेतलं. मग जमलं. मटण दुसऱ्या दिवशी भाकरीशी खाल्लं, तेही उत्तमच होतं.

तेव्हा मला एक बाटली नव्वद युरोला पडली होती. आता दुकानांत अडीचशेच्या पुढे, आणि तीही दिसली तर. त्या भावात मी घेणार नाही आणि तुम्हीही नवीन सालाची घेऊन आठवड्यात फोडणार असाल तर नकोच. बारोलो मुळात काढणीनंतर ३८ महिन्यांनी बाजारात येते, आणि ही तर त्यानंतरही किमान दहा वर्षं मागते. याच घराची चव बघायची असेल तर लांगे नेब्बिओलो किंवा फ्रेइजा या त्यांच्या दुसऱ्या वाइन शोधा. तीच माणसं, तीच निगा, आणि कोठडीची गरज नाही.

त्या रात्री जगमध्ये ग्लासभर वाइन उरली होती. वर बशी झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर प्यायले. आदल्या रात्रीपेक्षा चांगली होती. तिसरी बाटली सायकलीमागेच आहे.