हेगच्या कोर्टाची वेबसाइट: फुकट आहे, खरी आहे, एकदा उघडून बघाच

१७ जुलै २०१९ ची संध्याकाळ. पाकिस्तानने हेर म्हणून फाशी सुनावलेल्या आपल्या कुलभूषण जाधवच्या केसचा निकाल लागला आणि आमच्याकडे टीव्हीवर नुसता जल्लोष, भारत जिंकला भारत जिंकला, आणि आबांनी एकच विचारलं, "मग सुटला का पोरगा?" मला सांगताच येईना. तिकडे पाकिस्तानवालेही म्हणत होते आमचंच खरं ठरलं. एकाच निकालावर दोन्ही घरी पेढे कसे काय वाटतात, हे काही डोक्यातून जाईना म्हणून त्या रात्री पहिल्यांदा हा निकाल देणाऱ्या, नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची, म्हणजे आयसीजेची, वेबसाइट उघडली, आणि तेव्हापासून जगात कुठे काही पेटलं की मी आधी तिथे जातो. म्हणून हा रिव्ह्यू.

पत्ता नीट टाका हं. आयसीजे-सीआयजे डॉट ओआरजी. सीआयजे हे त्याच कोर्टाच्या फ्रेंच नावाचं लघुरूप. नुसतं आयसीजे डॉट ओआरजी टाकलंत तर भलतीच संस्था उघडते, जिनिव्हातली, कायदेतज्ज्ञांची. आणि हेगमध्येच आयसीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, म्हणून दुसरं कोर्ट आहे, ते माणसांवर खटले चालवतं, हे देशादेशांमधली भांडणं ऐकतं. बातम्यांत या दोघांची सर्रास सरमिसळ होते.

आत गेल्यावर केसेस म्हणून टॅब आहे, त्यात १९४७ पासूनची प्रत्येक केस. एकेका केसचं पान उघडलं की मूळ अर्ज, दोन्ही बाजूंनी लेखी काय मांडलं, सुनावणीत कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द, अंतरिम आदेश (म्हणजे निकाल लागेपर्यंतचे तात्पुरते), निकाल, आणि ज्या न्यायाधीशांना निकाल पटला नाही त्यांची वेगळी मतंसुद्धा. लॉगिन नाही, फी नाही, काही नाही. सुनावणी चालू असेल तर लाइव्ह पण दिसते.

आता जाधव केसच घ्या. निकालाची पीडीएफ बघून घाबरायला होतं, पण थेट परिच्छेद १४९ वर जायचं, शेवटचा. तिथे आठ मुद्दे आहेत आणि प्रत्येकापुढे मतं किती पडली ते लिहिलंय. पहिला सर्वानुमते, बाकीचे सात १५ विरुद्ध १, आणि तो एक म्हणजे पाकिस्तानने या केसपुरते नेमलेले न्यायाधीश जिलानी. पाकिस्तानचं म्हणणं होतं जाधव ३ मार्च २०१६ ला पकडला गेला, आणि भारताला कळवलं थेट २५ मार्चला. म्हणजे तीन आठवडे. वकिलातींबद्दलचा जो व्हिएन्ना करार आहे त्याचं ३६ वं कलम म्हणतं की परक्या देशाचा माणूस धरलात तर त्याला त्याचे हक्क सांगा, त्याने म्हटलं तर त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळवा, भेटू द्या. पाकिस्तान म्हणालं हेराला हे लागू नाही, कोर्टाने सांगितलं असा अपवाद त्या कलमात कुठेच लिहिलेला नाही. हे सगळं भारताच्या बाजूचं.

पण शिक्षा रद्द करा, माणूस सोडा ही भारताची मागणी कोर्टाने मान्य केली नाही. वकिलातीला भेटू द्या, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, एवढंच. म्हणजे पेढे दोन्हीकडे का वाटले ते कळलं. सकाळी आबांना सांगितलं, सुटला नाही आबा, पण फाशी थांबली आणि आपल्या वकिलातीला त्याला भेटता येईल. आबा जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे जीव राहिला." ते बरोबरच होतं, आणि जेमतेम तेवढंच होतं. अजून तो तिकडेच आहे.

मला स्वतःला निकालापेक्षा सुनावणीचे रेकॉर्ड जास्त आवडतात. फेब्रुवारी २०१९ चे काढा, हरीश साळवे आपल्या बाजूने उभे होते, बोलल्यासारखं बोलणं आहे त्यामुळे कायदा न शिकलेल्यालाही धागा सापडतो. मग पाकिस्तानच्या वकिलांचंही वाचा, नाहीतर अर्धंच कळतं.

गाझाच्या केसलाही हेच. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलवर नरसंहाराचा आरोप करत २९ डिसेंबर २०२३ ला अर्ज केला, २६ जानेवारी २०२४ ला आदेश आला, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे लोक म्हणाले नरसंहार सिद्ध झाला आणि निम्मे म्हणाले केस उडाली. आदेश उघडला तर दोन्ही चूक. तो अंतरिम आदेश होता, मूळ प्रश्नावर निर्णयच नव्हता. माणसं मरत असताना निदान कागदावर काय लिहिलंय ते तरी आपण नीट वाचावं, मला याचं फार वाईट वाटतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो भाषेसाठी. कोर्टाच्या अधिकृत भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच, त्यामुळे आबांसारख्या माणसाला तिथे स्वतःहून काही वाचता येत नाही. आणि एक गोष्ट साइटवर शोधूनही पटकन हाती लागत नाही, ती म्हणजे निकालाचं पुढे काय झालं. १६ मार्च २०२२ ला १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला सांगितलं की युक्रेनमधली लष्करी कारवाई थांबवा, आदेश तिथे व्यवस्थित आहे, युद्ध मात्र थांबलं नाही. कोर्टाकडे पोलीस नाहीत, पुढचा रस्ता संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे जातो आणि तिथे खुद्द रशियाचाच नकाराधिकार (व्हेटो) बसलेला आहे. हे माहीत ठेवूनच वाचायला लागतं.

नवीन असाल तर आधी प्रेस रिलीज वाचा, मग सारांश, मग शेवटचा मतांचा परिच्छेद, मोबाइलपेक्षा कॉम्प्युटरवर सोपं जातं. जाधव निकालातल्या त्या आठ मुद्द्यांचं मी आबांसाठी मराठी करून वहीत उतरवलंय, कोणाला हवं असेल तर सांगा, टाइप करून टाकतो.