एच-१बीची सहा वर्षं संपत आली: स्वतःचा व्हिसा वाढवायचा की जोडीदाराच्या एच-४वर जायचं?

नवरा-बायको दोघंही अमेरिकेत एच-१बीवर, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर; तो एरवी सहाच वर्षं चालतो. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने त्याच्या नावाने केलेला अर्ज) मंजूर आहे, बायकोचं सहावं वर्ष चालू आहे आणि तिच्या कंपनीने ग्रीन कार्डाचं नावही काढलेलं नाही. (भूमिका उलट असल्या तरी नियम तेच.) अशा घरांत हमखास एक गैरसमज असतो: त्याच्या आय-१४०वर तिचंही एच-१बी वाढेल. वाढत नाही. सहा वर्षांपुढची मुदतवाढ फक्त मुख्य लाभार्थ्याला, म्हणजे ज्याच्या नावाने अर्ज आहे त्यालाच मिळते. जोडीदाराच्या एच-१बीवर मिळतो तो एच-४, म्हणजे अवलंबितांचा व्हिसा, आणि जोडीदाराच्या मंजूर आय-१४०मुळे त्यावर काम करायला ईएडी कार्ड, म्हणजे कामाचा परवाना.

स्वतःचं एच-१बी टिकवायचं तर स्वतःचं पर्म (ग्रीन कार्डाची पहिली पायरी असलेलं कामगार खात्याचं प्रमाणपत्र) हवं. पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झाले की एकेक वर्ष मिळतं. आय-१४० मंजूर असेल आणि भारतीयांसाठीच्या ग्रीन कार्डाच्या रांगेमुळे पुढे सरकता येत नसेल तर तीन वर्षं. म्हणजे पाचवं वर्ष संपायच्या आत पर्म दाखल झालेलं बरं. त्याआधी सरकारकडून पगारनिश्चिती आणि नोकरीच्या जाहिरातींत कित्येक महिने जातात, तेव्हा मॅनेजरकडे विषय चौथ्या वर्षीच काढावा. उशीर झालाच असेल तर अमेरिकेबाहेर काढलेले दिवस सहा वर्षांत परत जोडून मागता येतात. मात्र पूर्ण २४ तास बाहेर असलेलेच दिवस धरतात, आणि पुरावा म्हणून पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास लागतात.

दोन्ही वाटांतला खरा फरक नूतनीकरणाच्या वेळी कळतो. एच-१बीच्या मुदतवाढीचा अर्ज (आय-१२९) मुदतीच्या आत दाखल झाला की निकाल येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवस काम चालू ठेवता येतं. प्रीमियम, म्हणजे जलद निकालाचं जादा शुल्क भरलं तर कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर. एच-४ ईएडीला प्रीमियम नाही. आणि ३० ऑक्टोबर २०२५पासून दाखल झालेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढही नाही. त्याआधी ५४० दिवसांपर्यंत मिळायची. आता अर्जाची पावती हातात असली तरी कार्डावरची तारीख उलटली की काम बंद.

अर्ज १८० दिवस आधी करता येतो, पण गाडी अडते ती साखळीत. आधी नवऱ्याच्या एच-१बीची मुदतवाढ, त्यावर तिच्या एच-४ची (आय-५३९), त्यावर ईएडी (आय-७६५). तिन्ही एकत्र पाठवता येतात, पण ते एकत्रच निकाली काढण्याचं बंधन न्यायालयीन तडजोडीतून आलं होतं, त्याची मुदत जानेवारी २०२५मध्ये संपली. तेव्हा नवऱ्याचं प्रीमियम भरलं म्हणून बायकोचंही लगेच होईल हे धरून चालू नका. एक पळवाट मात्र आहे. पासपोर्टवरचा एच-४चा शिक्का वैध असेल आणि नवऱ्याचं नवं आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आलं असेल, तर देशाबाहेर जाऊन परत यायचं. विमानतळावर नवा आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) मिळतो, आय-५३९ची गरज उरत नाही, फक्त आय-७६५ भरायचा. आय-९४ त्याच दिवशी वेबसाइटवर उघडून बघा: पासपोर्ट आधी संपत असेल तर आय-९४ त्याच तारखेला तोडतात आणि कार्डही तेवढंच येतं. पासपोर्टचं नूतनीकरण म्हणून आधी.

एच-१बीवरून एच-४वर जातानाचा सांधा सगळ्यात नाजूक. आय-५३९ आधी मंजूर झाला आणि ईएडी रांगेतच राहिलं, तर एच-४ लागू होतो त्या दिवसापासून नोकरी थांबवावी लागते. आय-५३९मध्ये बदल कोणत्या तारखेपासून हवा ते लिहायची जागा आहे, ती रिकामी सोडू नका.

कागदपत्रांत आपल्याकडची एक खास भानगड: नाव. विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर आणखी गुंता. आय-७६५मध्ये पूर्वीच्या नावांचा रकाना आहे, तिथे सगळी लिहा. प्रमाणपत्र मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

ईएडीची मोकळीक मोठी आहे हे खरं: कोणतीही कंपनी, अर्धवेळ काम, स्वतःचा धंदा, काहीही चालतं. पण नवऱ्याची नोकरी गेली की दोघांचेही अमेरिकेत राहायचे जास्तीत जास्त ६० दिवस मोजायला लागतात. दोघांचं एच-१बी वेगळं असेल तर एकाची नोकरी गेल्यावर तो दुसऱ्याच्या एच-४वर जाऊ शकतो. शिवाय ईएडीचा आधार २०१५चा एक नियम आहे. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये ऐकायला नकार दिला, तरी सरकार स्वतः तो नियम बदलू शकतंच.

म्हणून आमचं मत: एच-१बीची मुदत शिल्लक असताना हौसेने एच-४वर जाऊ नका. मुदत संपतच असेल तर एच-४वर जा, पण पर्मचा तगादा सोडू नका. एच-४वरचा काळ सहा वर्षांत धरत नाहीत, आणि स्वतःचं आय-१४० मंजूर झालं की नव्या एच-१बीसाठी लागणाऱ्या लॉटरीशिवाय एच-१बीवर परतता येतं. परतीचा अर्ज अमेरिकेत राहूनच करा आणि निकाल येईपर्यंत दिवाळीला घरी जायचं तिकीट काढू नका. मध्येच बाहेर पडलात तर स्टेटस बदलायची मागणी बाद होते, आणि २१ सप्टेंबर २०२५पासून परदेशातल्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर लावलेल्या १ लाख डॉलर शुल्काच्या कचाट्यात कंपनी सापडू शकते.