दुरुस्तीला आलेला जुना मिनी ट्रॅक्टर घ्यावा, नवा घ्यावा की भाड्यानेच भागवावं?

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. "काका, वरूडकडे एक मिनी ट्रॅक्टर पाहून आलो. पंधरा एचपीचा हाये. दीड लाख म्हणते, थोडंसं काम हाये म्हणते. घेऊ काय?"

मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "थोडंसं काम" ऐकून मी स्वतः एकदा पैसे मोजून बसलो आहे, ते पुढे सांगतो. त्याच्यासारखे बरेच जण सध्या याच विचारात आहेत. पोळा झाल्यावर बैलजोडी विकून टाकली, सालदार मिळत नाही, मोठा ट्रॅक्टर झेपत नाही. पुतण्याचं साडेसहा एकर वावर आहे. त्यात अडीच एकर संत्रा, बाकी कपाशी आणि तूर. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत: हा जुना घेऊन दुरुस्त करणे, नवा मिनी घेणे, किंवा आतासारखं भाड्यानं भागवणे.

आधी वावराचं बघा

आपल्या काळ्या भारी जमिनीत उन्हाळी नांगरट हे मिनीचं काम नाही. एप्रिलमध्ये वावर भेगाळतं, ढेकळं डोक्याएवढी निघतात, तिथे 45-50 एचपीचा ट्रॅक्टरच लागतो. पंधरा एचपीचं इंजिन नवं असलं तरी तिथे धापा टाकतं. म्हणजे मिनी घेतला तरी नांगरटीचं भाडं सुटत नाही. घेताना हे हिशेबात कोणी धरत नाही आणि मग मिनीला नांगर लावून क्लच जाळतात.

कपाशी चार फुटांवर असेल तर सुरुवातीचा महिना-सव्वा महिना मिनीनं डवरणी, म्हणजे कोळपणी, छान होते. पुढे फांद्या आत येतात, पऱ्हाटी मोडते. ओळ तीन फुटांची असेल तर बैलाचा डवराच बरा.

संत्र्याची गोष्ट वेगळी आहे. 6 बाय 6 मीटरवर लावलेल्या बागेत एकरी 110 च्या आसपास झाडं बसतात आणि फांद्या पार खाली टेकलेल्या असतात. मिनीचं ठेंगणं बोनट त्याखालून निघून जातं. त्याहून मोठी गोष्ट मुळांची. संत्र्याच्या पांढऱ्या मुळ्या वरच्या फूटभर मातीतच असतात. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर घाईत येतो, एकरावर पैसे घेतो, रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारी फिरती पाती) खोल सोडतो आणि त्या मुळ्या कापून जातो. तुटलेल्या मुळीतून फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोग शिरला की डिंक्या आणि मूळकूज आलीच. मी अशी दहा-बारा वर्षांची उभी झाडं वाळताना पाहिली आहेत, आणि तेव्हा काहीच करता येत नाही. स्वतःचा मिनी असला की दोन-तीन इंचावर रोटाव्हेटर धरता येतो, वाफसा असेल त्या दिवशीच आत जाता येतं, आणि फवारणीला कोणाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून माझं पहिलं मत सरळ आहे. नुसतं कोरडवाहू कपाशी-सोयाबीन असेल आणि वावर सात-आठ एकरांच्या आत असेल, तर जुना नको आणि नवाही नको, भाड्यानंच करा. बाग असेल तर पुढचं वाचा.

जुन्याचा आजार कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी मी एक जुना ट्रॅक्टर घेतला. सकाळी साडेदहाला पोचलो तर तो अंगणात उभा होता. एका सेल्फमध्ये चालू झाला, धूर नाही, आवाज स्वच्छ. त्या वेळी बोनट उघडून इंजिनावर हात ठेवला असता तर कळलं असतं की ते आधीच गरम करून ठेवलंय. घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. ढकलून चालू केला तेव्हा अर्धं अंगण निळसर धुरानं भरलं. लायनर झिजलेला, रिंगा गेलेल्या, आणि खोलल्यावर क्रँकवरही ओरखडे निघाले. मृग लागला तेव्हा माझं इंजिन मिस्त्रीकडे पोत्यावर सुटं पडलेलं होतं. शेवटी शेजाऱ्याची बैलजोडी मागून तिफणीनं पेरलं, आठ दिवस उशिरा. त्या आठ दिवसांचा तोटा दुरुस्तीच्या बिलात कुठे लिहिलेला नसतो.

तेव्हापासून माझा नियम आहे की जुनं इंजिन थंडच पाहायचं. आधी ऑइलची पट्टी काढून पुसायची, पुन्हा बुडवून पाहायची. ऑइल काळं असलं तर हरकत नाही, पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळतंय. गॅस्केट गेलं असेल किंवा हेडला तडा असेल. मग चालू करून ऑइल टाकायचं झाकण उघडायचं आणि वर तळहात धरायचा. एका सिलिंडरच्या इंजिनात थोडा फुसकारा असतोच. पण झटक्या-झटक्यानं धूर आला आणि हाताला तेलाचे शिंतोडे लागले, तर बोअर-पिस्टनचं काम आहे असं धरून चालायचं.

मग रोटाव्हेटर जोडून लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे दांडे) वर उचलायची, इंजिन बंद करायचं आणि मालकानं दिलेला चहा निवांत प्यायचा. चहा संपेतो रोटाव्हेटर जमिनीला टेकला असेल तर लिफ्टचे सील गेलेत. हे काम फार मोठं नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये लोड घेतल्यावर गिअर सुटत असेल, तर मी तिथूनच परत फिरेन.

तासांच्या मीटरवर मी विसंबत नाही, बऱ्याच ट्रॅक्टरची केबल तुटलेलीच असते. त्याऐवजी अवजार जोडायच्या लिंकची भोकं पाहा. पिना बसायच्या गोल भोकांची अंडाकृती भोकं झाली असतील, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर त्यानं भरपूर भाडं मारलंय, मीटर काहीही सांगो.

बॅटरी, सेल्फ, टायर, रेडिएटर, नोझल, किंग पिन, लिफ्टचे सील, क्लच प्लेट हे वरचे आजार. खर्च आधी सांगता येतो, पार्ट तालुक्याला मिळतात, काम चार-आठ दिवसांत होतं. क्रँक, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, ब्लॉकचा तडा हे पोटातले आजार. तिथे खोलल्याशिवाय आकडा कळत नाही आणि खोललं की मिस्त्री म्हणेल ते खरं. वरच्या आजाराचा ट्रॅक्टर भाव पाडून घ्यावा. पोटातल्या आजाराचा निम्म्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये.

क्लचबद्दल एक लक्षात ठेवा. प्लेट बदलायला ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करावाच लागतो. तेव्हाच रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील बदलून घ्या. पार्टचे पैसे जास्त जातील, पण तीच मजुरी सहा महिन्यांनी पुन्हा द्यावी लागणार नाही.

आणि सौदा करण्याआधी पार्टच्या दुकानात फोन करून विचारा की या मॉडेलचा लायनर सेट आणि क्लच प्लेट ठेवता का. कंपनीनं मॉडेल बंद केलेलं असेल तर पार्टसाठी नागपूरच्या चकरा ठरलेल्या.

कागद

आरसीवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या नोंदणीच्या कागदावर, बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का ते एमपरिवहन ॲपवर कळतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. वरूड, नरखेडच्या भागात पांढुर्णा-मुलताईकडचे ट्रॅक्टर बरेच फिरतात. पासिंग मध्य प्रदेशचं असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी लागते. "पाहू नंतर" म्हणून सोडलं की ते राहतंच. इंजिन आणि चेसिस नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसून आरसीशी जुळवा.

पैशाचा हिशेब

हा जुना घासाघीस करून एक तीसला येईल असं धरू. आमच्या मिस्त्रीच्या अंदाजानं क्लच, मागचे टायर आणि किरकोळ मिळून चाळीस-पंचेचाळीस हजार. खोलल्यावर निघणाऱ्या कामासाठी पंधरा हजार वेगळे ठेवावेच लागतात. म्हणजे एक नव्वद.

नव्याचं चित्र मधल्या काळात बदललंय. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. टायर आणि बरेचसे पार्टही 18 वरून 5 वर आले, त्यामुळे जुना दुरुस्त करणंही थोडं स्वस्त झालं. पंधरा एचपीचा नवा मिनी तीन लाखांच्या आसपास पडतो. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचं अनुदान नव्यालाच मिळतं. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, पण कमाल मर्यादेत. राज्यात बरीच वर्षं ही मर्यादा सव्वा लाख आणि एक लाख राहिली आहे. अर्ज करण्याआधी आजची मर्यादा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (आधीचे कृषी सहायक) विचारून घ्या.

पुतण्याचा सातबारा वहिनींच्या, म्हणजे त्याच्या आईच्या नावावर आहे. सव्वा लाख धरले तर नवा त्याला पावणेदोन लाखात पडतो, जुन्यापेक्षाही कमी, आणि वर वॉरंटी. अडचण दोन ठिकाणी आहे. कृषी खात्याची पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान जातं, आणि आधी पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते, पैसे नंतर येतात. तोवरचं व्याज कोण भरणार, हे घरात बसून ठरवायला हवं.

भाड्याचंही मांडून पाहिलं. आमच्याकडे रोटाव्हेटरला एकरी हजार-बाराशे घेतात. नांगरट सोडून पुतण्याचे वर्षाला वीसेक हजार जातात. स्वतःचा मिनी आला तरी डिझेल, ऑइल, किरकोळ दुरुस्तीत आठ-दहा हजार जातीलच. नुसत्या स्वतःच्या वावरावर दोन लाख वसूल व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतील. शेजारच्या दहा-बारा एकर बागांचं काम धरलं, तरच हा व्यवहार उभा राहतो. ते काम धरायची त्याची तयारी आहे आणि त्याच्या धुऱ्याला लागून संत्र्याच्या बागा आहेत, म्हणून मी त्याला सरळ नाही म्हटलं नाही.

त्याला मी सांगितलं की वहिनींच्या नावानं महाडीबीटीवर अर्ज आजच टाक, नवा मिळाला तर तोच घे. पूर्वसंमती होळीपर्यंत आली नाही, आणि या जुन्याचं दुखणं खरंच क्लच आणि टायरपुरतंच निघालं, तर एक वीसच्या वर जाऊ नको. दुरुस्ती मात्र मार्चमध्येच. मे महिन्यात मिस्त्रीच्या दारात ट्रॅक्टर रांगेत उभे असतात.

रविवारी सकाळी सातला आम्ही मिस्त्रीला घेऊन वरूडला जातोय. मालकाला फोन करून विनंती केली आहे की शनिवारी संध्याकाळनंतर ट्रॅक्टर चालू करू नका.