भौतिकशास्त्रासोबत घेतलेला खगोलशास्त्राचा पेपर: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

पुणे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी खगोलशास्त्र हा ऐच्छिक विषय घेतला, त्याला आता दहा महिने झाले असून दोन्ही सत्रांच्या परीक्षाही आटोपल्या आहेत. पुढच्या वर्षी हाच विषय घेऊ पाहणाऱ्यांनी मला वारंवार विचारल्यामुळे हा अनुभव थोडा सविस्तर लिहीत आहे.

पहिली अडचण आभाळाचीच आली. निरीक्षणाची सगळी प्रात्यक्षिके पहिल्या सत्रात घातलेली आहेत आणि ते सत्र नेमके जुलैमध्ये, म्हणजे ढग दाटलेले असताना सुरू होते. परिणामी चंद्राची विवरे, गुरूचे उपग्रह आणि ताऱ्यांच्या प्रती (म्हणजे तेजस्वितेच्या पायऱ्या) ही तिन्ही प्रात्यक्षिके आम्ही संगणकावर स्टेलेरियम हे आकाश दाखवणारे सॉफ्टवेअर लावून जर्नलमध्ये उतरवली, आणि जानेवारीत रात्री स्वच्छ झाल्या तेव्हा वर्गात ताऱ्यांच्या अंतरंगाची समीकरणे चालू होती. गणिताचा मेळही असाच बसलेला नाही, कारण खगोलीय निर्देशांकांसाठी (आकाशातले स्थान सांगणाऱ्या आकड्यांसाठी) लागणारी गोलीय त्रिकोणमिती, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरील त्रिकोणांचे गणित, गणिताच्या वर्गात कधीच शिकवली जात नाही आणि ती ज्याची त्याने निस्तरायची असते.

असे असूनही हा विषय घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि त्याचे श्रेय दुर्बिणीला नसून प्रयोगशाळेतल्या जुन्या स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांचे कोन मोजणाऱ्या उपकरणाला, जाते. इंचाला १५,००० रेषांचे ग्रेटिंग (बारीक समांतर रेषांची पट्टी) लावून सोडियम दिव्याची तरंगलांबी काढणे हा भौतिकशास्त्राचा नेहमीचा प्रयोग आहे. ग्रेटिंगमधून वळलेल्या प्रकाशाचे वर्णपट एकामागून एक क्रमाने दिसतात; त्यांतल्या पहिल्या क्रमात सुमारे २०.४ अंशांवर पिवळी रेष दिसते, आणि दुसऱ्या क्रमात ४४ अंशांच्या आसपास तीच रेष फुटून तिच्या दोन रेषा झालेल्या स्पष्ट दिसतात. त्यांच्यातले अंतर जेमतेम साडेतीन कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असते आणि आमच्या व्हर्नियरचे, म्हणजे कोन वाचायच्या मोजपट्टीचे, लघुत्तम माप एक कला आहे. माझे रीडिंग चार कला आले, त्यावरून दोन तरंगलांबींमधला फरक ०.७१ नॅनोमीटर निघाला, तर ५८९.० आणि ५८९.६ या प्रमाण किमतींप्रमाणे तो ०.६ असायला हवा. एका कलेच्या चुकीने उत्तर जवळजवळ ०.१८ नॅनोमीटरने हलते, हे तेव्हा मी स्वतः मांडून पाहिले, आणि त्रुटींचे गणित केवळ गुणांसाठी नसते हे मला त्या दिवशी पटले.

प्रयोग संपल्यावर मॅडमनी दिवा बंद करायला लावला, कोलिमेटर (प्रकाश आत घेणारी फटीची नळी) खिडकीकडे वळवला आणि फट जवळजवळ मिटेपर्यंत बारीक करायला सांगितली. दिवसाच्या उजेडाच्या वर्णपटात, जिथे मघाशी पिवळी रेष होती तिथेच, केसासारखी काळी रेघ उभी होती. सूर्याच्या वातावरणातले सोडियम तेवढा प्रकाश गिळते, हे वाक्य मी आधी दोनदा पाठ केलेले होते.

याच रेषेजवळ १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात आणखी एक पिवळी रेष दिसली आणि पुढे तिच्यावरून हेलियमचा शोध लागला. आपल्याकडे या शोधाचे नाते विजयदुर्गाशी जोडले जाते आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी तो त्या किल्ल्यावरून लावला असे सर्रास लिहिलेही जाते. प्रत्यक्षात ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच ती रेष पाहिली. त्या ग्रहणाच्या वेळी मछलीपट्टणहून निरीक्षण करणारे मद्रास वेधशाळेचे पॉगसन मात्र आम्हाला पहिल्या सत्रापासून परिचयाचे होते, कारण पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेत शंभरपट फरक, हे मोजमाप त्यांनीच १८५६ मध्ये बसवले. अभ्यासक्रमात हे दोन धागे कुठेही जोडलेले नाहीत, आणि त्याचे मला वाईट वाटते.

फेब्रुवारीअखेरीस विज्ञान दिनाच्या निमित्ताने नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. तबकडीला पत्रा नाही, तारांची जाळी आहे, हे पाहून सुरुवातीला चुकचुकल्यासारखे झाले, पण रेडिओ तरंगांच्या लांबीपुढे जाळीची भोके क्षुल्लक ठरतात आणि वाराही आरपार जातो. हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटर तरंगलांबीवर एकट्या तबकडीला आकाशात दिसणाऱ्या चंद्राच्या सुमारे अर्ध्या रुंदीएवढ्या तुकड्यापेक्षा बारीक तपशील ओळखता येत नाही, मात्र २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या तबकड्या एकत्र जोडल्या की तीच मर्यादा सुमारे दोन विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) येते. ही आकडेमोड परतीच्या बसमध्ये मी मोबाईलवर केली, कारण दुर्बिणीच्या परिसरात मोबाईल बंद ठेवावा लागतो. तबकड्यांचे तरंग असे एकत्र मिसळणे म्हणजेच व्यतिकरण, आणि त्याचे प्रकरण त्यानंतर पुन्हा वाचावे लागले नाही.

परीक्षेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. चंद्रशेखर मर्यादेवर (श्वेत बटू ताऱ्याच्या कमाल वस्तुमानावर) टीप आणि पॅरॅलॅक्सवर (जागा बदलल्यावर ताऱ्याच्या दिसणाऱ्या सरकण्यावरून अंतर काढण्यावर) उदाहरण हमखास येते. ज्याला केवळ तारे पाहायचे आहेत त्याने एखाद्या आकाशप्रेमी मंडळात जावे, कारण इथे वर्षभरात खरी निरीक्षणाची रात्र आमच्या वाट्याला एकच आली. विभागाकडे आठ इंची दुर्बीण आहे, ती कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली एकाच व्यक्तीकडे आहे. येत्या नोव्हेंबरमध्ये चार रात्री ती गच्चीवर लावू द्यावी असा अर्ज आम्ही सात जणांनी सह्यांनिशी दिला असून त्यावर सध्या 'विचाराधीन' असा शेरा आहे.