साडेसात हजारांच्या कुड्या, दोनशेची जोडी आणि एक फिरकी

मे महिन्यात माझ्या महागाच्या मोत्याच्या कुड्यांबद्दल जी विचारेल तिला मी सांगत होते, डोळे झाकून घे. ते शब्द अर्धे मागे घेते.

९२५ चांदी (हजारात ९२५ भाग शुद्ध), वर सोन्याचा मुलामा, गोड्या पाण्यातले मोती, हे सगळं दुकानाच्या कार्डावर असतंच. पाडव्याला पुण्याहून मागवल्या, ७,४०० रुपये. हुबेहूब तशीच पितळी जोडी मालवणच्या बाजारात २०० ला मिळाली, तीही घेतली. शाळेत जाताना एसटीत पडली तर जीव तरी हळहळायला नको.

आषाढात पितळी जोडीने आपला रंग दाखवला. पितळेतलं तांबं, घाम आणि आमची खारी हवा. कानाच्या पाळीवर हिरवा डाग. दांडीला बिनरंगी नेलपॉलिश लावलं की काही दिवस निभायचं. श्रावणात मोत्याचा पापुद्राच सुटला, आत पांढरी प्लास्टिकची गोळी. महागाचा मोती दातावर घासला तर किंचित खरखरतो, हा मात्र पहिल्या दिवसापासून गुळगुळीत होता. तोवर मी महागवालीच्याच बाजूने.

मग गौरीचा ओवसा, म्हणजे गौरीला सुपातून वाण द्यायचा दिवस. हातात सूप, नमस्काराला वाकले आणि उजवी कुडी सुपातल्या विड्याच्या पानांवर टपकन पडली. कुडी मिळाली, फिरकी नाही. पाच बायकांनी ओटी, पडवी, अंगण पालथं घातलं, सासूबाईंनी केरसुणीचा कचरासुद्धा चाळला.

दुकानात फोन केला. "मॅडम, फिरकी सुटी मिळत नाही. पूर्ण जोडी पाठवा. ९५० रुपये, कुरिअर वेगळं, सहा आठवडे." वाटाण्याएवढ्या फिरकीला ९५०! त्या भावात पितळी जोड्या चार येतात आणि वर दीडशे उरतात.

शेवटी गावातल्या सोनारकाकांकडे गेले. डोळ्याला भिंग लावून ते म्हणाले, "बाय, हेचे आटे गेलेत." चांदी मऊ, त्यात मी रोज घट्ट पिळणार; दांडीवरचे आटे झिजून सपाट. त्यांनी आटे पुन्हा पाडले, नवी फिरकी बसवली. १५० रुपये आणि वर चहा. जिथे फिरकी घासते तिथला मुलामा उडून चांदी काळी पडलीय, तेही त्यांनीच दाखवलं. मी जोडी रबरबँड लावून डबीत ठेवायचे, त्यावर ओरडा खाल्ला: रबरातल्या गंधकाने चांदी आणखी काळवंडते. आता झिपच्या पिशवीत, दमट हवेवर उपाय म्हणून शाळेतला खडू टाकून ठेवते.

मोती अजून पहिल्यासारखे, घडण सुबक, त्याबद्दल तक्रार नाही. पण ७,४०० घेणाऱ्याला जास्तीची फिरकी डबीत टाकायला काय जातं? दोनशेवाल्या जोडीचं प्लास्टिकचं बूच सहा महिन्यांत एकदाही निसटलं नाही. पितळी कुड्या टाकल्या, बुचं काढून ठेवली. सध्या महागाच्या फिरकीमागे तीच लावून फिरतेय.