‘फॅमिली नर्स’च्या नावाखाली माझे ३७,३५० रुपये गेले

आधीच सांगते, मी बँकेत नोकरी करते. ‘अनोळखी खात्यात पैसे टाकू नका’ हे काउंटरवर दिवसातून दहा वेळा बोलणारी बाई मी. त्यामुळे हसायचं असेल तर हसून घ्या. पुण्याचा भाऊ हसून झालाय.

बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. घरी आणलं तेव्हा लघवीची नळी होती, इन्सुलिन दोन वेळा. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. माझी रजा संपत आलेली. ओळखीच्या मावशी अंग पुसतील, डायपर बदलतील, पण सुईला हात लावणार नाहीत. अशात सोसायटीच्या ग्रुपवर एका नर्सिंग ब्युरोची जाहिरात आली : ‘आपल्या विभागातील फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. तपासणी, इंजेक्शन, औषध, सर्व घरपोच.’

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिकडे तिच्या मुलांना अशीच नर्स तपासते, औषधही लिहून देते. मला वाटलं, आलं असेल आपल्याकडेही. आता कळलंय की आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनरचा जो दोन वर्षांचा कोर्स आहे तो अतिदक्षता विभागासाठी, तोही बी.एस्सी. नर्सिंगनंतर. व्हिजिटिंग कार्डावर असं भारी नाव दिसलं की तिथेच थांबा.

नोंदणी ३,५००. महिन्याचा ॲडव्हान्स २७,०००. डिपॉझिट ५,०००. ‘किट’चे १,८५०. यूपीआयवर नाव ब्युरोचं नव्हतं, कुणा माणसाचं होतं. विचारलं तर ब्युरोवाला म्हणाला, “ताई, जीएसटीचं काम चालू आहे, तोवर पार्टनरच्या खात्यावर टाका.” आणि मी टाकले. रात्री पावणेबाराला, बाबांची नळी तुंबलेली असताना. ज्यांनी अशी रात्र काढलीय त्यांनी मला शहाणपण शिकवावं, बाकीच्यांनी नको.

बाई आली. पांढरा कोट, गोड बोलणं, “काका, आज छान दिसताय.” सर्टिफिकेटची झेरॉक्स दाखवली. मी नीट वाचलीसुद्धा नाही.

आणि मग ती सुई. आमची इन्सुलिनची बाटली ४० ची, म्हणजे एका मिलीलीटरला ४० युनिट; तिला सिरिंज लाल टोपणाची. हॉस्पिटलच्या सिस्टरने मला दोनदा बजावलं होतं. या बाईने किटमधून केशरी टोपणाची काढली. मला दिसलं. मी समोर उभी होते, हातात चहाचा कप. मनात आलंही, की टोपण वेगळं कसं? पण ती नर्स, मी कोण? केशरी म्हणजे १०० च्या बाटलीची. बाबांचा डोस १६ युनिट. तिच्यावर १६ चा आकडा धरून भरलं की बाबांच्या अंगात जेमतेम साडेसहा युनिट जात होतं. दुसऱ्या रात्री साखर ४१२. उलटी चूक झाली असती, म्हणजे १०० च्या बाटलीला लाल टोपण, तर इन्सुलिन अडीचपट गेलं असतं आणि आज हे लिहायला मी शुद्धीवर नसते.

तिसऱ्या दिवशी बाई आलीच नाही. “रिप्लेसमेंट पाठवतो ताई,” हे आठ दिवस. मग ब्लॉक. ब्युरोच्या कोपरीच्या पत्त्यावर गेले, तिथे फॉल-बिडिंगचं दुकान.

आता चौकी. पहिला म्हणाला, “मॅडम, बाई दोन दिवस आली ना? मग फसवणूक कुठली? हा दिवाणी मामला.” पत्ता दाखवला तर ती हद्द आमची नाही. त्या हद्दीत गेले तर पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. तिकडे विचारलं, “इतक्या उशिरा का आलात?” उशिरा! आठ दिवस रिप्लेसमेंटची वाट बघत होते, आणि पाच दिवस तुमच्याच बाकांवर बसले होते! अर्ज तीनदा लिहिला, तिसऱ्यांदा ‘फसवणूक’ खोडून ‘व्यवहारातील वाद’ लिहायला लावलं. बाबांच्या जिवाशी खेळ झाला त्याला रकानाच नाही म्हणे.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, माझ्यासारखं लाजत बसू नका. नर्सचा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, एनयूआयडी, म्हणजे नर्सचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक, मागा, आधारवरचं नाव जुळवा. खरी नर्स रागावत नाही. महिन्याचा ॲडव्हान्स कुणालाही नको, आठवड्याला पैसे द्या.

उरलेल्या चौदा केशरी सिरिंजा पुरावा म्हणून डब्यात ठेवल्यात. चौकीत नेल्या होत्या. हवालदार म्हणाला, “सुया-बिया इथे नका आणू, कुणाला टोचेल.”